हवेचे गणित मांडणारे लुईस फ्राय रिचर्डसन

आषाढ लागला की आमच्या गोरेगावच्या पंचक्रोशीत लहानथोर सर्वांचे डोळे आकाशाकडे लागतात. पऱ्हे तयार असतात, बांधीत चिखलणी व्हावयाची असते, आणि रोवणीस पाणी आठ दिवस लवकर की उशिरा येते ह्यावर घरच्या वर्षभराच्या धानाचा हिशेब अवलंबून असतो. पुढे श्रावण-भाद्रपदात चिंता उलट होते. वैनगंगा आणि बाघ ह्या नद्या कोठवर चढतील, धरणाची दारे उघडली तर पाणी आपल्या गावी किती तासांनी पोहोचेल, हा प्रश्न पडतो. २०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या पुरात भंडारा शहराचा मोठा भाग आणि नदीकाठची अनेक गावे बुडाली, हे पालकांस स्मरत असेलच. अशा वेळी वेधशाळेचा अंदाज आपण ऐकतो. तो खरा ठरला तर विसरतो, खोटा ठरला तर हसतो. परंतु त्या अंदाजामागे केवढा अंकगणिताचा डोंगर उभा आहे, आणि तो डोंगर प्रथम एकट्याने, हाती केवळ लेखणी व कागद घेऊन चढू पाहणारा पुरुष कोण होता, हे आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. त्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो.

लुईस फ्राय रिचर्डसन ह्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडच्या उत्तर भागातील न्यूकॅसल शहरी झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडिलांचा धंदा कातडी कमावण्याचा होता. घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे मित्रसमाजाचे. ह्या पंथाची मंडळी साधी राहणी, सत्य भाषण आणि युद्धाचा सर्वस्वी त्याग ह्यांविषयी प्रसिद्ध आहेत. आपल्या जुन्या मध्यप्रांतात होशंगाबादकडे ह्याच समाजाच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात शाळा व दवाखाने चालविले, तेव्हा हे नाव आपणांस अगदीच परके नाही. यॉर्क येथील बूथॅम ह्या क्वेकर शाळेत आणि नंतर न्यूकॅसलच्या कॉलेजात शिकून लुईस १९०० साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले, व १९०३ साली निसर्गविज्ञानाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

पुढील दहा वर्षे त्यांना एका जागी स्थैर्य लाभले नाही. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी, वेल्समधील अॅबरिस्टविथचे कॉलेज, दलदलीतील पीट नावाची जळाऊ माती काढणारी कंपनी, विजेच्या दिव्यांचा कारखाना, अशा अनेक ठिकाणी त्यांनी नोकऱ्या केल्या. पण ईश्वरी योजना अशी, की ह्या पीटच्या कंपनीतच त्यांच्या आयुष्याचे बीज पेरले गेले. पावसाचे पाणी मुरून दलदल ओली राहते. ती वाळावी म्हणून चर कोठे व किती अंतरावर खणावे, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला. मुरणाऱ्या पाण्याची समीकरणे पंडितांनी मांडलेली होती. परंतु ती सुटत ती केवळ वर्तुळासारख्या सुबक आकृतींसाठी. खरी दलदल सुबक नसते. मग रिचर्डसन ह्यांनी निराळी वाट धरली. जमिनीवर जाळी आखली आहे असे कल्पावे, जाळीच्या प्रत्येक गाठीशी एक अंक मांडावा, आणि शेजारच्या गाठींच्या अंकांची बेरीज-वजाबाकी करीत उत्तर जवळ आणीत जावे. ज्या प्रश्नास बड्या गणिताचे दार बंद होते, त्यास साध्या अंकगणिताची खिडकी उघडी होती.

ह्याच रीतीने त्यांनी दगडी धरणाच्या अंगात ताण कसकसा पसरतो हे काढून दाखविले. उदाहरण घेतले होते मिसर देशातील आस्वानच्या धरणाचे. आकडेमोडीच्या कामी त्यांनी काही मुले रोजीवर ठेविली. मजुरीचा दर आकड्यांच्या लांबीवर असे: तीन अंकी संख्येचे काम असेल तर दर गाठीस एक पेनीचा सहावा हिस्सा. चलाख मुलगा आठवड्यात दोन हजार क्रिया करी. चुकलेल्या क्रियांचे पैसे मात्र मिळत नसत. हा प्रबंध रॉयल सोसायटीने छापिला. तथापि त्याच्या बळावर किंग्ज कॉलेजची फेलोशिप त्यांनी मागितली असता ती त्यांस मिळाली नाही. अंदाजाने जवळ जाणारे गणित हे खरे गणितच नव्हे, असा त्या काळच्या अनेक विद्वानांचा कल होता.

येथे त्यांच्या एका युक्तीचा खुलासा करणे आम्हांस अवश्य वाटते, कारण ती इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यासही समजेल. ज्याचा व्यास १ आहे अशा वर्तुळाचा परिघ सुमारे ३.१४१६ असतो, हे आपण जाणतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीतही हेच मान सांगितले आहे. समजा, हे मान आपणांस ठाऊकच नाही. वर्तुळाच्या आत चौरस काढिला तर त्याची परिमिती २.८२८४ भरते, षट्कोन काढिला तर बरोबर ३. दोन्ही उत्तरे उणी. आता अशा आकृतींत तूट ही बाजूंच्या संख्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. चाराचा वर्ग १६, सहाचा ३६. म्हणजे चौरसाची तूट ९ भाग धरली तर षट्कोनाची ४ भाग. चौरसावरून षट्कोनावर येताना उत्तर ०.१७१६ ने वाढले. ते झाले ५ भाग. तर उरलेले ४ भाग किती? त्रैराशिकाने ०.१३७३. ते तीनात मिळविले की ३.१३७३ येते. दोन ओबडधोबड उत्तरांतून असे उत्तर निघाले, की त्याची तूट षट्कोनाच्या तुटीच्या तिसाव्या हिश्शाहूनही कमी! चूक कोणत्या नियमाने लहान होते हे ओळखिले म्हणजे चुकीलाच चूक खोडण्याच्या कामी लाविता येते. आज ज्यांस उच्च कोटीच्या गणनरीती म्हणतात, त्यांत ह्या युक्तीचे मानाचे स्थान आहे, आणि ती रिचर्डसन ह्यांच्याच नावाने ओळखिली जाते.

१९१३ साली स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर नावाच्या एकांत वेधशाळेचे ते अधीक्षक झाले. तेथे त्यांच्या मनात एक धाडसी विचार बळावला. उद्याची हवा सांगण्यासाठी त्या काळी जुने नकाशे चाळून आजच्यासारखा दिवस पूर्वी कधी होता हे पाहत, आणि तेव्हा जे घडले तेच आता घडेल असे म्हणत. रिचर्डसन ह्यांस हे पटेना. हवा हा पदार्थ आहे. त्यास गतीचे नियम लागू आहेत. मग ग्रहणाप्रमाणे हवेचेही गणित का करू नये?

येथे उथळ पाण्याचा संबंध येतो. उथळ ह्या शब्दाने गुडघाभर पाणीच समजावयाचे नाही. लांबीरुंदीच्या मानाने ज्याची खोली अत्यल्प, तो प्रवाह गणिताच्या दृष्टीने उथळच. मग ते बांधीतील पाणी असो, वैनगंगेचा पूर असो की समुद्राची भरती असो. फ्रेंच इंजिनियर सेंट-व्हेनां ह्यांनी १८७१ साली अशा प्रवाहाची समीकरणे मांडिली. त्यांचा आशय दोन वाक्यांत सांगता येतो. एखाद्या चौकटीत जितके पाणी येते त्याहून कमी बाहेर गेले तर तेथील पातळी चढते. आणि पातळीचा उतार जिकडे, तिकडे पाणी ढकलले जाते. आपले वातावरणही पृथ्वीच्या मानाने असाच एक पातळ थर आहे. तीन चतुर्थांश हवा जमिनीपासून सुमारे ११ किलोमीटरांच्या आत सामावली आहे, आणि पृथ्वीचा व्यास १२,७०० किलोमीटरांच्या वर आहे. म्हणून रिचर्डसन ह्यांनी आपल्या ग्रंथात आरंभीचा धडा घालून देताना सारे वातावरण म्हणजे जणू एक उथळ सागर आहे असे धरून गणित करून दाखविले, आणि मग हवेचे पाच थर कल्पून खऱ्या प्रश्नास हात घातला.

इतक्यात १९१४ चे महायुद्ध पेटले. धर्मबुद्धीस अनुसरून शस्त्र धरावयाचे नाही, हा रिचर्डसन ह्यांचा निश्चय होता. परंतु इतर तरुण मरत असता आपण सुरक्षित वेधशाळेत बसावे हेही त्यांस सोसेना. १९१६ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि मित्रसमाजाच्या रुग्णवाहिका पथकात सामील होऊन फ्रान्स गाठले. तेथे एका फ्रेंच पायदळ तुकडीच्या जखमी शिपायांस ते मोटारीतून रुग्णालयात पोहोचवीत. १९१९ पर्यंत त्यांनी ही सेवा केली.

आणि फुरसतीत काय केले? थंड्या मुक्कामात वाळलेल्या गवताच्या ढिगावर बसून त्यांनी हवेचे गणित केले! २० मे १९१० ह्या दिवशी मध्य युरोपावर हवेचा दाब, वारा व उष्णता काय होती ह्याची टिपणे उपलब्ध होती. सकाळी सातच्या स्थितीवरून आरंभ करून सहा तासांत दाब किती बदलतो हे त्यांनी जर्मनीतील म्युनिकजवळच्या एका चौकटीपुरते काढिले. ह्या सहा तासांच्या भाकितास सहा आठवडे लागले. १९१७ च्या वसंतात शांपाञ येथील लढाईत हस्तलिखित मागील ठाण्यावर पाठविले असता हरवले, आणि काही महिन्यांनी बेल्जममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

उत्तर काय आले? सहा तासांत वायुभार १४५ मिलिबारांनी चढेल! वस्तुतः त्या दिवशी तो जवळजवळ स्थिरच होता. हा आकडा किती असंभाव्य आहे हे समजण्यास एवढेच पुरे, की १९९९ साली ओरिसाच्या किनाऱ्यावर आदळलेल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रातही वायुभार सुमारे शंभर मिलिबारांनीच उतरला होता.

विद्यार्थ्यांनो, येथे आपण क्षणभर थांबावे. पाटीवरील उत्तर चुकले की आपण काय करितो? ओल्या फडक्याने पुसून टाकितो. रिचर्डसन ह्यांच्या हातीही ते सहज होते. कोणी त्यांचे गणित पाहिले नव्हते. ते छापण्याची सक्ती नव्हती. परंतु १९२२ साली केंब्रिजच्या विद्यापीठ मुद्रणालयातून त्यांचा ग्रंथ बाहेर पडला, तेव्हा त्यात हे चुकलेले भाकीत प्रत्येक पायरीसह, प्रत्येक कोष्टकासह जसेच्या तसे होते. आरंभीच्या वाऱ्यांच्या नोंदींत दोष असावा, असे त्यांनी कारण सुचविले आणि पुढील संशोधकांसाठी वाट मोकळी ठेविली.

त्या ग्रंथात त्यांनी एक कल्पनाचित्रही रेखाटिले आहे. एक प्रचंड गोलाकार सभागृह. त्याच्या भिंतीवर साऱ्या पृथ्वीचा नकाशा. आणि प्रत्येक देशाच्या जागी बसून आपापल्या चौकटीचे गणित करणारे ६४,००० गणक. मध्यभागी उंच स्तंभावर एक नायक. जो प्रदेश पुढे धावतो त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकितो, जो मागे रेंगाळतो त्यावर निळा, म्हणजे सर्वांची पावले जुळून राहतात. गणक म्हणजे त्या काळी यंत्र नव्हे, तर आकडेमोड करणारा मनुष्य होय. लोकांस हे स्वप्न मौजेचे वाटले आणि ग्रंथ बहुतांशी कपाटात पडून राहिला.

इकडे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीची परीक्षा संपली नव्हती. युद्धानंतर ते हवामानखात्यात पुन्हा रुजू झाले होते. पण १९२० साली ते खाते हवाई दलाच्या मंत्रालयाखाली गेले. आपले ज्ञान लष्कराच्या उपयोगी पडावे हे त्यांस मान्य नव्हते. त्यांनी आवडीची नोकरी सोडिली, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचा पेशा पत्करिला. १९२६ साली त्यांस रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले. १९२९ पासून ते स्कॉटलंडमधील पेझली टेक्निकल कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. पत्नी डोरोथी ह्यांच्याशी त्यांचा विवाह १९०९ साली झाला होता. उभयतांनी दोन पुत्र व एक कन्या दत्तक घेतली. १९४० साली मुदतीपूर्वीच निवृत्त होऊन त्यांनी उरलेले आयुष्य युद्धे का होतात ह्याच्या गणिती अभ्यासास वाहिले. त्यातच दोन देशांच्या सरहद्दीची लांबी मोजता त्यांस आढळले, की मोजपट्टी जितकी लहान घ्यावी तितकी वाकडीतिकडी सीमा लांब भरते! ह्या निरीक्षणातून पुढे गणिताची एक नवी शाखा वाढली. उतारवयातही स्कॉटलंडच्या एका खाडीत ते पार्स्निप नावाच्या पांढऱ्या कंदाचे तुकडे सोडून पाण्याचे भोवरे ते कसे पांगवितात हे मोजीत होते.

त्यांचे चुकलेले गणित खरे कोठे चुकले? आरंभीचे वारे आणि दाब ह्यांचा परस्परांशी मेळ नव्हता. तलावात धोंडा टाकून त्याच क्षणी काठाशी पातळी मोजली, तर तलाव भरतो आहे की आटतो आहे हे कळणार नाही, केवळ लाट मोजली जाईल, तसेच झाले. आयर्लंडचे शास्त्रज्ञ पीटर लिंच ह्यांनी हेच गणित आरंभीच्या आकड्यांतील खोट्या लाटा शमवून पुन्हा केले. तेव्हा बदल सुमारे एकच मिलिबार आला. म्हणजे रिचर्डसन ह्यांची रीत खरी होती!

दुसरी एक अडचण १९२८ साली कूरांट, फ्रीडरिक्स व लेवी ह्या तिघा गणितज्ञांनी उघड केली. लाटेने एका पावलात एकाहून अधिक चौकटी ओलांडता कामा नयेत, नाही तर आकडे बेफाम होतात. दहा मीटर खोल पाण्यात लाट सेकंदास सुमारे दहा मीटर धावते. चौकट शंभर मीटरांची असेल तर काळाचे पाऊल दहा सेकंदांहून मोठे टाकिता येत नाही. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट, पावले दुप्पट, म्हणजे श्रम आठपट होतात. एवढे श्रम करून साध्या रीतीत चूक निम्मीच होते, द्वितीय कोटीच्या रीतीत ती चतुर्थांश होते, आणि चतुर्थ कोटीच्या रीतीत सोळावा हिस्सा होते. उच्च कोटीच्या रीतींचे महत्त्व हे असे आहे. मात्र फुटलेल्या धरणाच्या पाण्यासारखी उभी भिंत आली की ह्या रीती तेथे नसत्या लहरी उठवितात. सरळ धाटणीच्या कोणत्याही उच्च रीतीत हा दोष अटळ आहे, असे रशियाच्या गोडुनॉव्ह ह्यांनी १९५९ साली सिद्ध केले. म्हणून आता अशा रीती योजितात की जेथे प्रवाह सौम्य तेथे त्या उच्च कोटी धरितात, आणि जेथे तो कडेलोट तेथे नम्रपणे खालच्या पायरीवर येतात. शिवाय नवेगाव बांधासारखा शांत तलाव, तळ कितीही उंचसखल असला तरी, गणितातही शांतच राहिला पाहिजे, आणि सुकलेल्या बांधीत पाण्याची खोली शून्याखाली जाता कामा नये, ही पथ्येही पाळावी लागतात.

१९५० साली अमेरिकेत एनियाक नावाच्या यंत्रावर चार्नी, फ्योर्टॉफ्ट व फॉन नॉयमन ह्यांनी हवेचे पहिले यशस्वी यांत्रिक गणित केले. चोवीस तासांच्या भाकितास जवळजवळ चोवीसच तास लागले. ते निकाल रिचर्डसन ह्यांस पाठविले असता त्यांनी त्यांचे मनःपूर्वक स्वागत केले. आपले स्वप्न खरे होऊ लागल्याचे पाहून, ३० सप्टेंबर १९५३ रोजी स्कॉटलंडमधील किलमन गावी ते देवाघरी गेले.

त्या स्वप्नाची फळे आज महाराष्ट्रातही आहेत. पुण्याजवळ खडकवासला येथे, १९१६ साली मुंबई इलाख्याने आरंभिलेल्या जलसंशोधन केंद्रात, नद्या व बंदरे ह्यांचे लहान नमुने बांधून, तसेच गणिताने, पाण्याची चाल अभ्यासिली जाते. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली प्रत्यूष आणि २०२४ साली अर्क नावाचे महासंगणक बसविण्यात आले. रिचर्डसन ह्यांचे चौसष्ट हजार गणक ज्यापुढे पासंगासही पुरणार नाहीत, असे काम ते मुकाट्याने करितात.

पालकांस आमची विनंती एवढीच, की मुलाच्या वहीत चुकलेले गणित दिसले तर ते फाडून टाकण्यास सांगू नका. कोणत्या पायरीवर चुकले हे त्यालाच शोधू द्या. आणि विद्यार्थ्यांनो, रिचर्डसन ह्यांच्या दोन गोष्टी तुम्ही ध्यानी धरा. विवेकाने मना केलेल्या कामास त्यांनी हात लाविला नाही, मग त्यापायी नोकरी गेली तरी बेहत्तर. आणि जे उत्तर आले ते त्यांनी लपविले नाही. ते चुकलेले कोष्टक त्यांनी त्या दिवशी पुसून टाकिले असते, तर पुढच्यांना चूक दुरुस्त करावयास काहीच उरले नसते, आणि पुराच्या रात्री नदीकाठच्या घरांना वेळेवर मिळणारी सूचना आणखी कित्येक वर्षे लांबली असती.